खंडेनवमीची काच

क्रांती तीन वर्षं एका काचेच्या मागं लागली होती, आणि ती काच काही केल्या ऐकत नव्हती.

काच म्हणजे केवढी? काडेपेटीएवढी! तिच्यावर गंजाचा पातळ लेप. हो, गंजच. लोखंडावर चढतो तोच, फक्त हा क्रांतीनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मुद्दाम फवारा मारून, भट्टीत भाजून चढवलेला. ही काच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभी करायची, समोर प्लॅटिनमची तार सोडायची, मदतीला एक छोटी सोलर पट्टी जोडायची आणि ऊन पडू द्यायचं. ऊन लेपावर पडलं की करंट वाहतो आणि पाणी फुटतं. तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे, काचेपाशी ऑक्सिजनचे. हायड्रोजन म्हणजे इंधन. धूर नाही, राख नाही, जळलं की पुन्हा पाणीच! क्रांती हे इतक्या जोशात सांगायची की लग्नाच्या पंगतीत एकदा ती सांगत राहिली आणि मठ्ठ्याचा वाढपी पुढं निघून गेला.

अडचण एकच. करंट फार थोडा. मीटरवरचा आकडा एक पूर्णांक दोनवर येऊन जो बसला होता, तो उठायलाच तयार नव्हता. लेप जाड करून झाला, पातळ करून झाला. भट्टी जास्त तापवली, कमी तापवली. लेपात चिमूटभर टायटॅनियम घालून झालं. आकडा आपला तिथंच, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

आणि आता दसऱ्यानंतरच्या सोमवारी मुंबईहून समिती येणार होती. प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ती ठरवणार. गुंडाळला तर क्रांतीची तीन वर्षं कपाटात जाणार. उदयसिंह सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, सरळच म्हणाले होते, “आकडा हलला नाही, तर मी एकटा किती भांडू सांग?”

त्यातून समितीला प्रयोगशाळेतल्या दिव्याखालचा आकडा नको होता. खऱ्या उन्हातला पाहिजे होता. विद्यापीठाला सुट्टी, गच्चीला कुलूप. मग क्रांतीनं काच, तार, मीटर, नळ्या असा सगळा पसारा एका खोक्यात भरला, खोकं मांडीवर घेऊन बस पकडली आणि गडमुडशिंगीला घरी आली. घराच्या स्लॅबवर ऊन कुणाच्या बापाचं नव्हतं.

घरात तिच्या कामाची काय किंमत होती? तर आजोबांनी, म्हणजे आबांनी, त्याचा गल्लीभर विनोद करून ठेवला होता. पिराजी आबांचा जन्म फौंड्रीत वाळूचे साचे भरण्यात गेलेला. काम म्हणजे ज्यानं हात काळे होतात ते, असं त्यांचं साधं गणित. मागं एकदा त्यांनी विचारलं होतं, “काय करतीस गं तिथं दिवसभर?”

“काचेवर गंज चढवतो, आबा.”

“आरं तिच्या! आमी जल्मभर गंज काढत आलाव, आन् ही एवढं शिकून गंज चढिवती!”

तेव्हापासून कुणीही पावणा आला की आबा हा किस्सा सांगायचे आणि पावणा मनापासून हसायचा. क्रांतीही हसायची. पण जिना चढताना तिचं हसू दुसऱ्या पायरीपर्यंतच टिकायचं.

खंडेनवमीला अवजारांना सुट्टी. त्या दिवशी त्यांची पूजा, त्यांना हात लावायचा नाही. क्रांतीनं पण मग काच धुऊन, पुसून खोक्यात ठेवली आणि तारेला नवीन चिमटे आणायला सकाळीच कोल्हापुरात गेली. परत आली तोवर पूजा उरकली होती. सोप्यात घोंगड्यावर आबांची फौंड्रीतली थापी, करणी, विळे, खुरपी, बनाबाईचं, म्हणजे तिच्या आईचं, शिलाई मशीन, वडिलांच्या दुधाच्या टँकरची चावी, सगळी मंडळी झेंडू लेवून बसली होती. आबा दारातच होते. काहीतरी बोलतील असं क्रांतीला वाटलं.

“आलीस?” एवढंच म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी ऊन लख्ख. क्रांतीनं स्लॅबवर मांडणी केली, नवीन चिमटे लावले, मीटर चालू केला आणि सवयीनं एक पूर्णांक दोन बघायला वाकली.

दोन पूर्णांक सहा!

तिनं डोळे चोळले. चिमटा काढून परत लावला. मीटर बंद करून चालू केला. दोन पूर्णांक सहा. मग तिनं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या स्लॅबवर शेंगा वाळत घालणारी धोंडुबाई सूप टाकून धावत आली.

“काय साप निघाला व्हय गं?”

“न्हाई मावशी! आकडा निघाला!”

धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली आणि मुकाट्यानं आपल्या शेंगांकडं परत गेली.

क्रांतीनं मीटरचा फोटो काढून सरांना पाठवला. पाठवून बोट उचलते तोवर फोन वाजला.

“क्रांती! दुपटीच्या वर? काय बदललंस?”

“नवीन चिमटे, सर. आणि खरं ऊन.”

“दसऱ्याला सोनं लुटलंस की गं! हा आकडा मी आत्ताच सादरीकरणात घालतो. विभागप्रमुखांना पण सांगतो. आता बघतो समिती कशी नाही म्हणते!”

संध्याकाळी आपट्याची पानं वाटत आबा अख्ख्या गल्लीत फिरले. “आमच्या क्रांतीचा आकडा वाढला!”

“कसला आकडा, आबा?”

“त्ये तिला इचारा. वाढला एवढं खरं!”

पण शुक्रवारी आकडा दोनच्या आसपास आला. शनिवारी दीडाला टेकला. क्रांतीनं आधी उन्हाला दोष दिला, मग धुळीला, मग शेजारच्या शेतात पाला पेटवणाऱ्या माणसाला. मनात मात्र काहीतरी कुरतडत होतं. एवढे दिवस ती नुसता करंट मोजत होती. करंट वाहतो म्हणजे पाणी फुटतं, हे धरूनच चाललं होतं. रविवारी दुपारी तिनं दोन नळ्या पाण्यानं भरून उपड्या केल्या. एक तारेवर, एक काचेवर. पाणी खरंच फुटत असेल तर तारेच्या नळीत हायड्रोजनचे दोन वाटे जमले की काचेच्या नळीत ऑक्सिजनचा एक वाटा जमलाच पाहिजे. पाण्याचा तो स्वभाव आहे, त्यात खोट होत नाही.

तारेच्या नळीत बुडबुडे भराभर चढत गेले. काचेच्या नळीत एखादा बुडबुडा आला, काचेला चिकटून बसला आणि फुगायचं विसरला.

क्रांती बराच वेळ त्या जवळजवळ रिकाम्या नळीकडं बघत बसली. ऑक्सिजन नाही, म्हणजे काचेपाशी पाणी फुटत नाही. मग करंट कशाचा? काचेपाशी पाण्याऐवजी दुसरं काहीतरी संपत होतं. पण कॉस्टिक आणि पाण्याशिवाय भांड्यात होतं काय?

तिनं काच बाहेर काढली, चिमटा सोडला आणि चिमट्याखालच्या कोपऱ्यात तिला पिवळं दिसलं. एवढंसं. तिनं कॉस्टिकचं बोट त्यावर फिरवलं आणि पिवळ्याचं झर्रकन लाल झालं.

हे कुठल्याही घरातल्या पोरीला माहीत असतं. शर्टावर आमटी सांडली, वर साबण लावला, की डाग लाल होतो. हळद!

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. “आई, माझ्या खोक्याला कोण हात लावलेलं?”

बनाबाईनं मशीनचं चाक थांबवलं. “मी बाई नुसतं पुसून ठेवलं. आबांनी खंडेनवमीला हळद-कुंकू लावलेलं. डाग पडंल म्हणून वल्या फडक्यानं पुसलं. हे मशीन पुसलं तसंच. का गं? निघालं न्हाई व्हय?”

निघणार कसं? त्या लेपाला डोळ्यांना न दिसणारी हजार छिद्रं. हळद त्यात जाऊन बसली होती आणि गंजाच्या तांबूस रंगात कुणाच्या बापाला दिसली नसती.

तेवढ्यात आबा सोप्यातून आत आले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “लावलं की! समद्यात पयली तुझी काच मांडली. मग माझी थापी. आगं, इतकी वरसं तुझं काय मांडावं त्येच कळंना. वही मांडावी तर ती शाळंतल्या पोराची. औंदा खोकं दिसलं आन् म्हटलं, हिचं अवजार ह्येच की! आन् बघ, दुसऱ्याच दिशी आकडा वाढला का न्हाई?”

क्रांती तोंड उघडून उभी राहिली. ओरडायचं म्हणून जे जे पायऱ्या उतरताना तोंडात गोळा केलं होतं, ते सगळं तिनं परत गिळलं.

“वाढला, आबा,” ती म्हणाली आणि परत वर गेली.

स्लॅबवर टाकीच्या सावलीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. उद्या सकाळी समिती. सादरीकरणात दोन पूर्णांक सहा लिहिलेलं. कुणाला काय कळणार होतं? फोटो खरा होता. मीटर खरा होता. समिती काही मुडशिंगीला येऊन नळ्या उपड्या करणार नव्हती. एक वर्ष मिळालं, तर त्या वर्षात ती खरोखरच आकडा तिथंवर नेईल. मग काय बिघडलं? शिवाय सरांना सांगायचं म्हणजे आबांचं नाव सांगायचं. आजपर्यंत आबांनी तिच्या कामाला एकदाच हात लावला होता, तोही नमस्कार करायला. आणि तिनं तोच हात गुन्हेगाराचा म्हणून दाखवायचा?

पण समोर ती नळी होती. तिच्यात काही नव्हतं, आणि क्रांतीला ते दिसलं होतं. आता न दिसल्यासारखं कसं करणार?

तिनं फोन लावला.

“सर, तो आकडा काढा. तो पाण्याचा नाही.” आणि एका दमात सगळं सांगितलं.

“हळद?” सर म्हणाले. मग एकदम भडका. “क्रांती, मी विभागप्रमुखांना सांगून बसलोय! तुझ्या घरात प्रयोगाच्या वस्तूला कुणीही येऊन हळद लावतं? हे काय लग्नघर आहे?”

“आबांची चूक नाही, सर. खोकं मी उघडं ठेवलं. आणि नळ्या पहिल्याच दिवशी लावायच्या होत्या, त्या मी लावल्या नाहीत. आनंदात राहून गेलं.”

“मग उद्या काय दाखवायचं? एक पूर्णांक दोन?”

“जे आहे ते, सर.”

फोन कट झाला. क्रांतीनं वळून बघितलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आबा. गुडघ्यांचं दुखणं असताना चढून आले होते, हातात चहाचा कप, आणि त्यातला अर्धा चहा बशीत.

“माझ्यामुळं झालं व्हय?” ते म्हणाले.

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. “व्हय, आबा. हळदीमुळं झालं.”

आबा तिथंच पायरीवर टेकले. “इस्कोट केला म्हण की म्या. त्ये सर ओरडलं तुला?”

“ओरडले.”

“मला दे फोन. म्या सांगतो, पोरीचं काय न्हाई, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय.”

“ऱ्हाऊ द्या हो. माझं काम, माझी जबाबदारी.” ती जवळ जाऊन बसली. कप त्यांच्या हातातून घेतला. “बघा, काय झालं सांगतो. ह्या काचेला ऊन लागलं की तिच्यात करंट तयार होतो. तो लेपाच्या आतनं वर काठाला येतो आणि तिथं पाण्याला फोडतो. पाणी फोडणं लई अवघड. हळद फोडणं सोपं. तुम्ही हळद लावलासा, तर काच पाणी सोडून हळदच खात बसली. हळद होती तोवर आकडा वर. हळद संपत आली तसा खाली.”

“आन् हळद नसताना?”

“हळद नसताना करंट काठापर्यंत येतो आणि पाणी फुटेना म्हणून तिथंच...”

क्रांती मध्येच थांबली.

“तिथंच काय?” आबा म्हणाले.

“काठापर्यंत येतो,” ती परत म्हणाली, पण आता आबांना नाही. “आबा, तो काठापर्यंत येतोय!”

तीन वर्षं ती धरून चालली होती की करंट लेपाच्या आतच जिरतो. म्हणून तर जाड, पातळ, भाजणं, टायटॅनियम. पण आत जिरत असता तर हळदीला तरी कुठून मिळाला असता? म्हणजे लेप कधीच सुधारला होता. तिनंच सुधारला होता! अडलं होतं ते काठावर, शेवटच्या पायरीवर. तिथं पाण्याला हात देणारं काही नव्हतं.

तिनं फोन उचलला तोच तो वाजला. सर. आवाज उतरलेला. “क्रांती, हळद घातल्यावर दुपटीच्या वर गेला होता ना? मी जरा विचार करत होतो...”

“सर, लेप चांगला आहे! अडचण पृष्ठभागावर आहे!”

“मी तेच म्हणतोय. पहिल्या वर्षी आपण पाण्यात सल्फाइट टाकून बघितलं होतं, हळदीसारखंच सहज फुटणारं. तेव्हा काही फरक पडला नाही.”

“तेव्हा लेप वाईट होता, सर! नंतर आपण परत टाकूनच बघितलं नाही.”

सरांना हे पटलं. “पण हळदीला स्वतःचा रंग आहे. ती स्वतः ऊन धरत असेल. त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सकाळी लवकर ये. नवी काच, बिनरंगाचं सल्फाइट. मी कुलूप काढून ठेवतो.”

सोमवारी पहिल्या बसनं क्रांती प्रयोगशाळेत. ऊन अजून चढलं नव्हतं, म्हणून दिवा लावला, कोरी काच पाण्यात सोडली. एक पूर्णांक दोन. मग पाण्यात सल्फाइटची पांढरी पूड, पाण्यापेक्षा सोपा घास, ढवळून टाकली. आकडा चढला. दोन पूर्णांक तीनला थांबला. हळदीइतका नाही, पण रंगाची शंका घ्यायला जागा नव्हती. सरांनी लॅपटॉप उघडला, दोन पूर्णांक सहा खोडलं आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली. “तूच लिही.”

समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा नाकावर ओढून पहिलाच प्रश्न टाकला. “आकडा तर गेल्या वर्षीचाच दिसतोय.”

क्रांतीला सरांकडं बघावंसं वाटलं, पण नाही बघितलं. “हो मॅडम, पाण्याचा आकडा तोच आहे. पण तो का अडलाय हे आता कळलंय,” ती म्हणाली, आणि सल्फाइटचा आलेख दाखवला. मग वाटलं, अर्धंच कशाला? तिनं खंडेनवमी पण सांगितली. थापी, घोंगडं, ओलं फडकं, रिकामी नळी, सगळं.

एक सदस्य खो खो हसले. “हे शोधनिबंधात लिहिणार का?”

“ऑक्सिजन मोजला नाही तर कसं फसायला होतं, हे नक्की लिहीन, सर.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुम्ही नळ्या लावल्या नसत्या तर आम्हाला कळलं नसतं, बरोबर?”

“बरोबर, मॅडम.”

बाईंनी मान हलवली आणि बाहेर काढल्यासारखं क्रांती आणि सर दोघांना चहाला पाठवलं. चहा गार होईपर्यंत निरोप आला. एक वर्ष मिळालं. पण काम फक्त पृष्ठभागावर, आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय एकही आकडा मान्य होणार नाही. सर कप खाली ठेवत म्हणाले, “खोक्याला कुलूप घे.” त्यांच्या लेखी ही शाबासकीच होती.

पुढच्या रविवारी क्रांती परत स्लॅबवर. या वेळी गंजाच्या लेपावर निकेलचा एक थर, इतका पातळ की दिसायचाही नाही. पाण्याला काठावर हात द्यायला. आबा गुडघे धरत वर आले, दुरूनच विचारलं, “जवळ येऊ का? काय लावत न्हाई, हात मागं बांधलाव बघ.”

“या की!”

ते लोखंडी खुर्ची ओढून बसले आणि मीटरकडं बघत राहिले, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. “किती झाला?”

“एक पूर्णांक चार!”

“आन् मागं सव्वादोन-अडीच हुता न्हवं? मग ह्यो कमी न्हाई व्हय?”

“ह्यो खरा हाय, आबा. ती नळी बघा.”

काचेच्या नळीत बारीक बारीक बुडबुडे एकामागं एक चढत होते. आबांनी मान वाकडी करून बघितलं, मग आणखी जवळ वाकले.

“लई हळू काम गं तुझं,” ते म्हणाले. “आमचं बरं. लोखंड वतलं, गार झालं, फोडून बघितलं. कळलं पास का फेल. तू तीन वरसं एवढ्याशा काचंपुढं बसतीस, आन् हासत बसतीस वर.” ते नळीकडंच बघत होते. “माझ्यानं झालं नसतं.”

क्रांतीनं मीटरकडं बघितलं. आकडा एकदम घसरला होता.

“आबा, सावली.”

“आं?”

“तुमची सावली पडली काचेवर.”

“आरं तिच्या!” आबा खुर्चीसकट मागं सरकले. आकडा वर आला.